किनाऱ्यावरची जमीन बिल्डरला न विकता म्हातारपणाची सोय. अमेरिकेतले जमीनमालक हे कसं जमवतात?

समजा, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यात एक जोडपं राहतं. दोघांनीही पंचाहत्तरी गाठली आहे. तो निवृत्त शाळामास्तर, ती निवृत्त नर्स. १९७९ साली त्यांनी खाडीच्या तोंडाशी ४० एकर जमीन आणि एक जुनं घर घेतलं. तेव्हाची किंमत ८० हजार डॉलर. आज त्याच जागेला २० लाख डॉलर मिळू शकतात.

ऐकायला हे नशीब फळफळल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न आहे ६० हजार डॉलर. त्यातून मालमत्ता कर, घराचा विमा, गळणारं छत आणि औषधपाणी भागवायचं. जमिनीची किंमत वाढली की मालमत्ता करही वाढतो. म्हणजे कागदावर ते लखपती आणि बँकेच्या खात्यात ओढाताण.

एखादा बिल्डर सगळी जमीन घ्यायला तयार असतो. त्याच्या आराखड्यात किनाऱ्याला लागून आठ-दहा बंगले असतात. विकलं तर म्हातारपण सुखात जाईल, पण ज्या झाडांखाली आयुष्य गेलं ती झाडं जातील. नाही विकलं तर जमीन वाचेल, पण पैशाचं काय?

हे जोडपं आणि त्यांचे आकडे काल्पनिक आहेत, पेच मात्र खरा आहे. मेन हे अमेरिकेतलं सर्वांत जास्त मध्यक वय असलेलं राज्य. तिथल्या किनाऱ्यावर असे जमीनमालक गावोगावी आहेत. आणि त्यांच्यासमोर ‘विका’ किंवा ‘तसंच बसा’ एवढे दोनच पर्याय नाहीत. मधले चार-पाच रस्ते कायद्याने तयार झाले आहेत. ते कोणते, आणि ते कोणाच्या कामाचे?

आधी हे की, समुद्रकिनारा खासगी कसा?

कोकणातल्या माणसाला ‘माझ्या मालकीचा किनारा’ हे शब्द विचित्र वाटतील. आपल्याकडे भरतीरेषेच्या खालची जागा सरकारची असते. मेन आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांत मात्र १६४० च्या दशकातला एक वसाहतकालीन नियम अजून लागू आहे. त्यानुसार किनाऱ्यालगतच्या जमीनमालकाची हद्द ओहोटीच्या रेषेपर्यंत जाते, फक्त जास्तीत जास्त सुमारे ५०० मीटर. त्या पट्ट्यात लोकांना मासेमारी, पाणपक्ष्यांची शिकार आणि होड्यांची ये-जा यासाठी हक्क आहे. १९८९ मध्ये मेनच्या सर्वोच्च न्यायालयाने मूडी बीचच्या खटल्यात सांगितलं, की नुसतं फिरायला किंवा पोहायला येण्याचा हक्क त्यात आपोआप येत नाही.

म्हणजे तिथल्या किनाऱ्याचं काय होणार, हे बऱ्याच अंशी खासगी मालकांच्या निर्णयावर अवलंबून आहे. मालक म्हातारे झाले, त्यांना पैशांची गरज पडली, की किनाऱ्याचं भवितव्यही त्याच टेबलावर येतं.

मालकी म्हणजे एक वस्तू नव्हे, हक्कांची मोळी

सगळ्या उपायांच्या मुळाशी एकच कल्पना आहे. जमिनीची मालकी म्हणजे एक अखंड वस्तू नसून लाकडांची मोळी असते. राहण्याचा हक्क ही एक काडी. शेती करण्याचा हक्क दुसरी. झाडं तोडण्याचा, भाड्याने देण्याचा, विकण्याचा, वारसांना देण्याचा, बांधकाम करण्याचा, असे वेगवेगळे हक्क. मोळी सोडून त्यातली एखादीच काडी विकता किंवा दान करता येते.

‘कॉन्झर्वेशन ईझमेंट’ म्हणजे नेमकं हेच. मालक एखाद्या लँड ट्रस्टशी किंवा सरकारी खात्याशी कायमस्वरूपी करार करतो, की या जमिनीवर यापुढे प्लॉट पाडले जाणार नाहीत, ठरलेल्या जागेबाहेर बांधकाम होणार नाही. करार नोंदवला जातो आणि जमिनीला चिकटतो. पुढे जमीन कोणीही विकत घेतली, तरी ती अट त्याच्यावर बंधनकारक राहते.

मालकी मात्र मूळ मालकाकडेच राहते. तो तिथे राहू शकतो, जमीन विकू शकतो, मुलांच्या नावावर करू शकतो. लँड ट्रस्टचं काम एवढंच, की दरवर्षी येऊन पाहणी करायची आणि कोणी अट मोडली तर गरज पडल्यास कोर्टात जायचं. लोकांना जागेवर येऊ देणं प्रत्येक करारात सक्तीचं नसतं. पक्षी-प्राण्यांचा अधिवास राखणं हाच उद्देश असेल, तर गेट बंद ठेवूनही ईझमेंट होऊ शकतं.

या पद्धतीचा मेनशी जुना संबंध आहे. तिथल्या अकेडिया राष्ट्रीय उद्यानाची सुरुवातच खासगी लोकांनी जमिनी गोळा करून सरकारला दिल्यामुळे झाली. १९७० मध्ये पेगी रॉकफेलर आणि थॉमस कॅबट यांनी मेन कोस्ट हेरिटेज ट्रस्ट ही संस्था सुरू केली. सरकारने सगळी बेटं विकत घेणं शक्य नव्हतं आणि बऱ्याच मालकांना ती सोडायचीही नव्हती. तेव्हा मालकी तशीच ठेवून फक्त बांधकामाचा हक्क काढून घेण्याचा मार्ग निघाला. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या राज्यांसाठी अशा करारांचा एक नमुना कायदा तयार झाला आणि ही पद्धत देशभर पसरली.

दान केलं तर कर वाचतो, पण किती?

आता पैशाकडे. आपल्या जोडप्याच्या जमिनीची आजची किंमत २० लाख डॉलर. ईझमेंट केल्यावर तिथे बंगले बांधता येणार नाहीत, म्हणून मूल्यांकनकार तिची किंमत समजा १२ लाख ठरवतो. मधला ८ लाखांचा फरक म्हणजे ईझमेंटची किंमत. ते दान दिलं, तर अमेरिकेच्या केंद्रीय करकायद्यानुसार त्या ८ लाखांची वजावट उत्पन्नातून मिळू शकते.

या वजावटीला मर्यादा आहे. एका वर्षात उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंतच वजावट घेता येते. उरलेली पुढची १५ वर्षं ओढता येते. ज्यांचं निम्म्याहून अधिक उत्पन्न शेतीतून येतं, त्यांच्यासाठी ही मर्यादा १०० टक्के आहे. २०१५ मध्ये ही तरतूद कायमची करण्यात आली.

माहितीपत्रकांत साधारण इथपर्यंतच लिहिलेलं असतं. खरा मुद्दा पुढे आहे.

वर्षाला ३ लाख डॉलर कमावणारा डॉक्टर असेल, तर तो दरवर्षी दीड लाखाची वजावट घेईल आणि सहा वर्षांत ८ लाख संपवेल. त्याचा कर चांगलाच कमी होईल. पण आपलं जोडपं कमावतं ६० हजार. त्यांची वर्षाची मर्यादा ३० हजार. पहिलं वर्ष धरून १६ वर्षांत जास्तीत जास्त ४ लाख ८० हजार. उरलेले ३ लाख २० हजार वाया.

आणि तेही कागदावरच. कारण पासष्टी ओलांडलेल्या जोडप्याला अमेरिकेत काहीही दान न करता ३० हजार डॉलरहून अधिक प्रमाणित वजावट तशीही मिळते. ती सोडून दानाची वजावट घेतली, तर हातात जवळपास काहीच पडत नाही.

थोडक्यात, निव्वळ दान हा मार्ग ज्यांचं उत्पन्न चालू आहे त्यांच्यासाठी फायद्याचा. म्हणूनच अनेक करसल्लागार सांगतात, की ईझमेंट दान करायचं असेल तर निवृत्तीच्या आधी, कमाई जोरात असताना करा. निवृत्त झाल्यावर जमीन आहे पण उत्पन्न नाही, अशा माणसाला वेगळा रस्ता लागतो.

अर्धं विका, अर्धं द्या

हा रस्ता म्हणजे ‘बार्गेन सेल’, सोप्या भाषेत सवलतीत विक्री. ८ लाखांचं ईझमेंट लँड ट्रस्टला ४ लाखांना विकायचं. ४ लाख रोख मिळाले, उरलेले ४ लाख दान धरले जातात.

इथे एक गंमत होते. त्या वर्षी विक्रीतून नफा झाल्यामुळे जोडप्याचं उत्पन्न एकदम वाढतं. मूळ खरेदी किमतीतला या व्यवहाराच्या वाट्याचा भाग वजा केला, तर नफा साधारण ३ लाख ८४ हजार डॉलर. नेहमीचे ६० हजार धरून त्या वर्षाचं उत्पन्न ४ लाख ४४ हजार. त्याच्या निम्मे म्हणजे २ लाख २२ हजार इतकी वजावट त्याच वर्षी घेता येते. जे दान एरवी वाया जात होतं, ते आता विक्रीवरचा कर कमी करायला उपयोगी पडतं. विक्री आणि दान एकमेकांना सावरून धरतात. हे गणित सोपं करून मांडलेलं आहे. प्रत्यक्षात राज्याचा कर आणि इतर लहानमोठ्या अटी येतात. दिशा मात्र हीच.

लँड ट्रस्टकडे इतका पैसा येतो कुठून? काही देणगीदारांकडून, काही सरकारकडून. मेनमध्ये १९८७ साली मतदारांनी ३ कोटी ५० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि ‘लँड फॉर मेन्स फ्युचर’ हा निधी सुरू झाला. केंद्र सरकारचा लँड अँड वॉटर कॉन्झर्वेशन फंडही आहे. त्याला २०२० च्या कायद्याने दरवर्षी ९० कोटी डॉलर कायमचे बांधून दिले. पण निधीसाठी रांग असते. मंजुरीला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. उद्याच पैसे हवेत अशा माणसाला हा मार्ग परवडत नाही.

जमिनीचं रूपांतर दरमहा येणाऱ्या पैशात

४ लाख हातात आले. घर आणि भोवतालची ३ एकर जागा स्वतःसाठी ठेवली, तरी उरलेली ३७ एकर जमीन अजून आहेच. बांधकामाचा हक्क गेल्यावर तिची किंमत समजा ७ लाख डॉलर. ती विकली तर? खरेदी १९७९ सालच्या भावाने झाली असल्यामुळे जवळजवळ सगळी रक्कम नफा ठरते आणि त्यावर एकरकमी कर लागतो. केंद्रीय कराचा वरचा दर अधिभार धरून २३.८ टक्क्यांपर्यंत जातो.

यासाठी १९६९ च्या करकायद्याने एक साधन दिलं: ‘चॅरिटेबल रिमेंडर ट्रस्ट’. जोडपं ती जमीन अशा ट्रस्टच्या नावावर करतं. ट्रस्ट जमीन विकतो. खरेदीदार लँड ट्रस्ट असू शकतो किंवा अटी मान्य असलेला एखादा निसर्गप्रेमी माणूस. ट्रस्टला विक्रीच्या वेळी कर भरावा लागत नाही, म्हणून पूर्ण ७ लाख गुंतवले जातात. त्यातून जोडप्याला दोघांच्या हयातीपर्यंत दरवर्षी ठरलेला हिस्सा मिळतो. शेवटी उरलेली रक्कम लँड ट्रस्टसारख्या धर्मादाय संस्थेला जाते.

हा हिस्सा वर्षाला किमान ५ टक्के असावा लागतो. ७ लाखांवर ५ टक्के म्हणजे वर्षाला ३५ हजार डॉलर. ज्यांचं उत्पन्न ६० हजार होतं, त्यांच्यासाठी ही वाढ मोठी आहे. कर माफ होत नाही. तो पुढे ढकलला जातो आणि वर्षावर्षाला मिळणाऱ्या रकमेवर थोडा थोडा लागतो.

अटी मात्र कडक आहेत. संस्थेला शेवटी मिळणाऱ्या हिश्श्याचं आजचं मूल्य किमान १० टक्के भरलं पाहिजे. एकदा दिलेली जमीन परत घेता येत नाही. ट्रस्टच्या जमिनीवर स्वतः राहता येत नाही, म्हणूनच घर आधी वेगळं काढायचं आणि ही फाळणी ईझमेंट लिहितानाच करारात नमूद करायची. जमिनीवर कर्ज असेल तर आधी फेडावं लागतं. सर्वांत महत्त्वाचं: ट्रस्टकडे जमीन जाण्याआधी खरेदीदाराशी सौदा पक्का केलेला नसावा. आधी हातमिळवणी आणि मग ट्रस्ट असं केलं, तर करखातं ती विक्री मूळ मालकानेच केली असं धरतं आणि पूर्ण कर वसूल करतं.

मुलांचं काय? ७ लाखांपैकी शेवटी उरलेलं संस्थेला जाणार, वारसांना नाही. काही जण मिळणाऱ्या वार्षिक रकमेतून आयुर्विमा घेतात आणि तो मुलांच्या नावे ठेवतात. पंचाहत्तरीत विमा महाग पडतो, हेही खरं.

‘आम्ही असेपर्यंत घर आमचं’

काहींना जमीन विकायचीच नसते. मुलं दूर शहरात, परत येण्याची शक्यता नाही. अशांसाठी आणखी एक सोय आहे. घर किंवा शेत आजच लँड ट्रस्टच्या नावावर करायचं, पण हयातभर राहण्याचा आणि वापरण्याचा हक्क स्वतःकडे ठेवायचा. शेवटच्या श्वासापर्यंत घर त्यांचंच. नंतर कोर्टकचेरी न होता ते संस्थेकडे जातं. भविष्यात जाणाऱ्या हिश्श्याचं आजचं मूल्य काढून त्यावर करवजावट आजच मिळते. सुट्टीत राहायच्या दुसऱ्या घरालाही हा नियम लागू होतो.

यात रोख पैसा मात्र येत नाही. मालमत्ता कर, विमा, डागडुजी हा खर्च राहणाऱ्यानेच करायचा. म्हणून काही मोठ्या संस्था याच्या जोडीला ‘गिफ्ट ॲन्युइटी’ देतात. मालमत्तेच्या बदल्यात संस्था हयातभर ठरलेली रक्कम द्यायचं वचन देते. वय जितकं जास्त, तितका दर जास्त. पण हे वचन त्या संस्थेच्या आर्थिक ताकदीवरच उभं असतं. गावातल्या दोन कर्मचाऱ्यांच्या छोट्या ट्रस्टला वीस वर्षं पैसे देत राहणं झेपेलच असं नाही. सही करण्यापूर्वी संस्थेचा ताळेबंद पाहणं गरजेचं.

कोळ्याचा धक्का वाचवायचा तर?

किनारा वाचवणं म्हणजे फक्त झाडं आणि पक्षी वाचवणं नव्हे. मेनची ओळख लॉबस्टरच्या मासेमारीशी जोडलेली आहे. होडी लावायला आणि माल उतरवायला धक्का लागतो. मच्छीमारांच्या वापरात असलेला किनारा उरला आहे सगळा मिळून सुमारे २० मैल, अशी तिथली एक बहुचर्चित मोजणी सांगते. म्हाताऱ्या मच्छीमाराने धक्का विकायला काढला, की सर्वांत जास्त भाव देणारा बहुधा बंगला बांधणारा असतो.

म्हणून २००५ मध्ये मेनने मोळीतली वेगळीच काडी विकत घ्यायला सुरुवात केली. मतदारांनी २० लाख डॉलरच्या कर्जरोख्यांना मान्यता दिली. धक्क्याचा मालक सरकारी कार्यक्रमाकडून पैसे घेतो आणि त्या बदल्यात लिहून देतो, की ही जागा कायम मासेमारीच्याच कामाला वापरली जाईल. मालकी त्याचीच. मिळालेले पैसे निवृत्तीला उपयोगी पडतात. आणि बंगल्याचा भाव उतरल्यामुळे पुढचा तरुण मच्छीमार तो धक्का विकत घेऊ शकतो. त्याच वर्षी राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून अशा जागांवरचा मालमत्ता कर बंगल्याच्या संभाव्य भावावर न लावता प्रत्यक्ष वापरानुसार लावण्याची वाटही मोकळी करण्यात आली.

जानेवारी २०२४ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने आलेल्या दोन वादळांनी मेनचे कित्येक धक्के मोडले. दुरुस्तीचा खर्च समोर आल्यावर विकून मोकळं व्हावं असं वाटणं साहजिक आहे. अशा वेळी या पर्यायाचं महत्त्व वाढतं.

कोणासाठी काय?

- उत्पन्न भरपूर, निवृत्तीला अजून काही वर्षं बाकी: ईझमेंट दान करणं.
- जमीन मोठी, उत्पन्न कमी, वाट पाहायची तयारी: ईझमेंटची सवलतीत विक्री.
- जमीन सोडायला तयार, पण दरवर्षी खात्रीचं उत्पन्न हवं: चॅरिटेबल रिमेंडर ट्रस्ट.
- घर सोडायचं नाही, वारसांना नको आहे: हयातभर हक्क ठेवून दान, शक्य असल्यास जोडीला ॲन्युइटी.
- मासेमारीचा धक्का: वापराचं बंधन विकणं.

प्रत्यक्षात बहुतेक जण यातले दोन-तीन पर्याय एकत्र करतात. आपल्या जोडप्याने तेच केलं: ४ लाख रोख, वर्षाला ३५ हजार, आणि घर स्वतःचं. बिल्डरला सगळं विकलं असतं तर करानंतरही यापेक्षा जास्त रक्कम हातात आली असती, हे लपवण्यात अर्थ नाही. जमीन वाचवण्याची किंमत मोजावीच लागते. फरक एवढाच, की ती किंमत म्हणजे उपाशी राहणं नव्हे.

कुठे फसायला होतं?

पहिली गोष्ट, हा करार कायमचा असतो. दहा वर्षांनी नातवाला शेजारी घर बांधायचं झालं, तर परवानगी मिळणार नाही. त्यामुळे एखाद्या जादा घराची जागा हवी असेल, तर ती सुरुवातीलाच राखून ठेवावी लागते. मुलांना न सांगता केलेले करार पुढे घरात भांडणं लावतात.

दुसरी, मूल्यांकन. वजावट फुगवण्यासाठी जमिनीची किंमत अवास्तव दाखवण्याचा धंदा अमेरिकेत काही वर्षं जोरात चालला. गुंतवणूकदार एकत्र येऊन जमीन घ्यायचे, ईझमेंट करायचे आणि गुंतवलेल्या रकमेच्या कित्येक पट वजावट मागायचे. २०२२ च्या अखेरीस संसदेने कायदा केला. अशा भागीदारीत गुंतवणुकीच्या अडीच पटीहून जास्त वजावट मागितली, तर काही अपवाद सोडता ती मिळत नाही. प्रामाणिक मालकाला यातून धडा एकच: पात्र मूल्यांकनकार स्वतः निवडा, आणि ‘गुंतवलेल्याच्या चारपट फायदा’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

तिसरी, बँक. जमिनीवर गहाणखत असेल, तर बँकेने आपला हक्क ईझमेंटच्या मागे ठेवायला लेखी मान्यता द्यावी लागते. ही एक सही राहिली म्हणून वजावट नाकारल्याचे निकाल तिथल्या करन्यायालयाने दिले आहेत.

चौथी, खर्च. वकील, मोजणी, मूल्यांकन आणि पुढच्या देखरेखीसाठी लँड ट्रस्टने मागितलेला निधी, हे सगळं मिळून रक्कम हजारो डॉलरवर जाते.

कोकणात असं करता येईल?

मालवण किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर वडिलोपार्जित जमीन असणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. थेट उत्तर: आज हे जसंच्या तसं शक्य नाही. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आहे. शेतात जायला शेजाऱ्याच्या बांधावरून वहिवाटीचा रस्ता असतो, तो सुविधाधिकार. पण तो मागायला तुमची स्वतःची लाभ घेणारी जमीन असावी लागते. जवळ जमीन नसलेल्या संस्थेला ‘इथे बांधकाम नको’ असा कायमचा हक्क या कायद्याने मिळत नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून आलेली हीच अडचण अमेरिकेत होती. तिथल्या राज्यांनी स्वतंत्र कायदे करून ती दूर केली.

दुसरं कारण कराचं. भारतात धर्मादाय देणगीवर प्राप्तिकराची सवलत पैशाच्या रूपात दिलेल्या देणगीला मिळते, वस्तू किंवा जमीन दिली तर नाही. शिवाय ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा करच लागत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या मालकाला दानाकडे वळवणारी ओढ इथे मुळातच नाही. सामायिक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस हिस्सेदारांची नावं असणं ही अडचण तर वेगळीच.

तरी काही तुकडे उपलब्ध आहेत. हयातभर राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवून केलेलं बक्षीसपत्र वैध असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. साठीनंतर राहत्या घरावर बँकेकडून ठरावीक पैसे घेण्याची रिव्हर्स मॉर्गेज योजना २००७ पासून आहे. आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २००२ च्या दुरुस्तीनुसार एखादी व्यक्ती किंवा गाव स्वतःहून पुढे आलं, तर खासगी जमिनीवर ‘समुदाय राखीव क्षेत्र’ घोषित करता येतं. त्यात जमिनीच्या वापरावर बंधन येतं, मालकाला त्याचा ठरावीक मोबदला मात्र मिळत नाही.

किनारा नियमन क्षेत्राचे म्हणजे सीआरझेडचे नियम आहेतच. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. सरकारी नियम असा बदलू शकतो. मालकाने स्वतः लिहून दिलेलं, मोबदला घेऊन नोंदवलेलं बंधन इतक्या सहज बदलत नाही. मेनच्या अनुभवातून घेण्यासारखं काही असेल तर ते हे: किनारा राखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्याच्या जमिनीतली एक काडी विकण्याची सोय द्या. सगळी मोळी विकायची वेळ त्याच्यावर येणार नाही.